फोन नवा, रेंज फुल्ल, तरी नेट हलत नाही: दोष फोनचा, सिमचा की टॉवरवरच्या गर्दीचा?

तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. नवा फोन घेतला, सुरुवातीला नेट सुसाट होतं. मग रोज संध्याकाळ झाली की पान उघडता उघडत नाही, व्हिडिओवरचं चक्र फिरत राहतं, मेसेज एका टिकवर अडकून बसतो. वर बघावं तर रेंज पूर्ण. सकाळी सगळं ठीक, रात्री पुन्हा तेच. रिस्टार्ट केला की थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून लोक रोज रिस्टार्ट करत राहतात. काही जण फोन बदलून मागतात, काही सिम बदलतात, आणि दोन्ही करूनही अंधार पडला की चक्र फिरतंच.

एखादं उपकरण एकदम लोकप्रिय झालं की या तक्रारी वाढतात. बहुतेक वेळा मूळ फोनच्या बाहेर असतं. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे नेहमी नाही, आणि फोनचा दोष की गर्दीचा, हे घरबसल्या बऱ्यापैकी ठरवता येतं. अट एकच: रेंजच्या काड्यांकडे बघणं आधी सोडायचं.

काड्या नेमकं काय सांगतात

टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोहोचतोय, एवढंच काड्या सांगतात. टॉवरला तुमच्यासाठी वेळ आहे का, हे त्या सांगत नाहीत. शिवाय किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना बांधील असा नियम नाही. प्रत्येक कंपनीचं सूत्र आपापलं. जुलै २०१० मध्ये ॲपलने जाहीर पत्र काढून मान्य केलं होतं की आयफोनमधलं काड्या ठरवायचं सूत्र साफ चुकीचं आहे आणि कित्येकदा खऱ्यापेक्षा दोन काड्या जास्त दिसतात. ही चूक अगदी पहिल्या आयफोनपासून, म्हणजे २००७ पासून चालत आली होती. एवढी वर्षं लाखो लोक त्याच काड्या बघून फोनबद्दल आणि नेटवर्कबद्दल मतं बनवत होते.

'५जी' या चिन्हाचंही तसंच. आज कित्येक ठिकाणी ५जी स्वतंत्र चालत नाही, ते ४जीच्या आधाराने चालतं. फोन आधी ४जीला जोडला जातो आणि गरज पडली की ५जीचा पट्टा, म्हणजे रेडिओ लहरींचा त्याला नेमून दिलेला भाग, सोबत घेतो. 'इथे ५जी मिळू शकतं' असं त्या ४जी सेलने (टॉवरच्या ज्या भागाला फोन जोडलेला असतो त्याने) जाहीर केलं की पुष्कळ फोन लगेच चिन्ह दाखवतात, मग त्या क्षणी तुमचा डेटा ५जीवरून येत असो वा नसो. म्हणून '५जी असूनही स्लो' या वाक्यातला पहिला भागच तपासून घ्यावा लागतो.

आता टॉवरच्या बाजूने बघू. एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड केलेले तीन सेक्टर असतात, आणि एका सेक्टरमधले सगळे फोन एकच पट्टा वाटून घेतात. ४जीचा २० मेगाहर्ट्झचा पट्टा असेल तर त्याचे १०० तुकडे पडतात, आणि कोणता तुकडा कोणाला द्यायचा याचा निर्णय टॉवरवरची यंत्रणा दर मिलिसेकंदाला घेते. दोन अँटेनांच्या साध्या रचनेत असा पट्टा सगळा मिळून जास्तीत जास्त १५० एमबीपीएसच्या आसपास जातो. हा आकडा एका माणसाचा नाही, त्या सेक्टरमधल्या सगळ्यांचा मिळून आहे, आणि तोही सगळे जण टॉवरच्या जवळ उभे असतील तर.

हा 'जवळ' मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. सिग्नल स्वच्छ असेल तर एका स्पंदनात ६ किंवा ८ बिट भरता येतात. सिग्नल क्षीण असेल तर फक्त २, आणि त्यातही बराच भाग चुका दुरुस्त करण्यात जातो. म्हणजे लांबच्या खोलीत, जाड भिंतीआड बसून व्हिडिओ बघणारा माणूस तोच व्हिडिओ बघायला जवळच्या माणसाच्या कितीतरी पट तुकडे खातो. सेक्टर भरतो तो केवळ माणसांच्या संख्येने नाही. ती माणसं कुठे बसली आहेत यानेही भरतो. संध्याकाळी लोक घरात, भिंतींच्या आत असतात. दुपारी तितकेच फोन असूनही त्रास नसतो आणि संध्याकाळी असतो, त्याचं एक कारण हे.

आधी फोनला वगळा

सगळ्यात खात्रीची परीक्षा सगळ्यात सोपी आहे आणि म्हणूनच लोक ती करत नाहीत. त्रास चालू असताना, त्याच जागी, त्याच ऑपरेटरचं सिम असलेला दुसरा फोन हातात घ्या. तोही रखडत असेल तर तुमच्या नव्या फोनला दोष देणं थांबवा. तो धावत असेल तर दोन्ही फोनमधली सिम अदलाबदल करून बघा. त्रास सिमबरोबर दुसऱ्या फोनमध्ये गेला तर भानगड सिमची किंवा तुमच्या प्लॅनची. त्रास फोनमध्येच राहिला तर फोनची. ई-सिम असेल तर अदलाबदल किचकट होते. तेव्हा नव्या फोनवर दुसऱ्या कोणाचं साधं सिम टाकून बघा.

ही परीक्षा सकाळी निवांत वेळी करून उपयोग नाही. त्रास चालू असतानाच करायची, नाहीतर सगळेच फोन चांगले निघतात.

दोष फोनकडे निघाला तर पुढच्या शक्यता थोड्या आहेत. एक, फोन ज्या बाजारासाठी बनवला तो तुमचा नाही आणि तुमचा ऑपरेटर ज्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या गटावर) मुख्य क्षमता ठेवतो तो बँड त्या फोनमध्ये नाही. फोन चालतो, पण सगळ्यात गर्दीच्या एखाद्या बँडवर अडकून. परदेशातून मागवलेल्या फोनमध्ये हे फार दिसतं. मॉडेल क्रमांक नीट बघून, निर्मात्याच्या संकेतस्थळावरची बँडची यादी ऑपरेटरच्या बँडशी ताडून बघा. दोन, जुन्या फोनवरून सगळं उचलून नव्यात आणताना एपीएनची (ऑपरेटरच्या इंटरनेटला जोडून देणाऱ्या पत्त्याची) जुनी सेटिंग्ज किंवा जुनं व्हीपीएन प्रोफाइल सोबत आलं. नेटवर्क सेटिंग्ज रिसेट केल्या की हे जातं, पण त्यात सेव्ह केलेले वायफायचे पासवर्डही पुसले जातात हे आधी लक्षात घ्या. तीन, फार जुनं सिम. २जीच्या काळातलं सिम ४जीवर चढूच शकत नाही, आणि काही जुनी सिम ५जीच्या सगळ्या सोयी देत नाहीत. नवं सिम मागून घ्या, नंबर तोच राहतो.

सिम किंवा प्लॅनकडे बोट जात असेल तर दोन गोष्टी तपासा. ठरलेला डेटा संपल्यावर वेग कापला जातोय का? नवा फोन पहिल्या आठवड्यात किती डेटा ओढतो याचा अंदाज लोकांना नसतो, त्याबद्दल खाली. आणि दुसरं, तुमचा प्लॅन गर्दीत मागच्या रांगेत ढकलला जाणारा आहे का? दुसऱ्याच्या टॉवरवर चालणाऱ्या स्वस्त कंपन्यांच्या ग्राहकांना किंवा ठरावीक मर्यादेपुढे गेलेल्यांना काही ऑपरेटर कमी प्राधान्य देतात. मोकळ्या वेळी वेग तोच मिळतो, गर्दी झाली की पहिला फटका यांना. लक्षण गर्दीचंच दिसतं, पण शेजारच्या माणसाचा फोन त्याच टॉवरवर धावत असतो.

गर्दी आहे हे आकड्यांत कसं बघायचं

आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचं पान उघडतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* चालतं, सॅमसंगवर *#००११#. हे कोड सगळ्या मॉडेलांवर चालतीलच असं नाही. नाही चालले तर सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' किंवा 'सिम स्टेटस' इथे निदान सिग्नलची ताकद तरी डीबीएममध्ये दिसते. या पानावर शेकडो ओळी असतात. आपल्याला दोनच हव्यात: आरएसआरपी आणि आरएसआरक्यू.

आरएसआरपी म्हणजे ताकद. उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११० च्या खाली गेलं की रडगाणं सुरू. ही संख्या टॉवरच्या ठरलेल्या खुणेच्या सिग्नलवरून मोजली जाते, त्यामुळे टॉवरवर एक माणूस असो की हजार, ती जागची हलत नाही. फोनवरच्या काड्या मुख्यतः हिच्यावरच चालतात.

आरएसआरक्यू वेगळी. तिच्यात ती खूण भागिले पट्ट्यात ऐकू येणारी एकूण ऊर्जा, असा हिशेब असतो. टॉवर रिकामा असेल तर हवेत खूण सोडून फारसं काही नसतं आणि ही संख्या उणे ३ च्या दिशेने जाते. टॉवर पूर्ण भरलेला असेल तर सगळे तुकडे ऊर्जेने भरतात आणि एकाच अँटेनाच्या साध्या हिशेबातही ती उणे ११ च्या जवळ उतरते. शेजारच्या टॉवरांचा गोंगाट त्यात आला की आणखी खाली. म्हणजे सकाळी आणि रात्री एकाच खुर्चीत बसून दोन्ही आकडे टिपून ठेवा. आरएसआरपी तीच राहिली आणि आरएसआरक्यू रात्री घसरली, तर तुमच्या हातात गर्दीचा पुरावा आहे. ५जीवर हा हिशेब इतका सरळ उतरत नाही, म्हणून परीक्षेपुरतं सेटिंग्जमध्ये फोन ४जीवर बांधून घ्यावा.

याला एक पुरवणी. दोन्ही आकडे रात्रीही चांगले आहेत, फोनवरचं बोलणं स्पष्ट होतंय, तरी सगळ्यांचं नेट मेलेलं आहे, असंही होतं. तेव्हा हवेतला भाग रिकामा आहे आणि टॉवरपासून मागे जाणारी वाट भरलेली आहे. टॉवर फायबरने किंवा मायक्रोवेव्ह दुव्याने मागच्या नेटवर्कला जोडलेला असतो. दुवा जुना, अरुंद असेल तर वर कितीही नवा ५जी अँटेना लावला तरी खालची नळी तीच. ५जी बसवलं पण वेग वाढला नाही, अशा बऱ्याच जागांचं गुपित या नळीत असतं. बोलणं चालतं याचं कारण ४जीवरच्या कॉलला वेगळी, प्राधान्याची वाट राखून ठेवलेली असते आणि तिला लागणारी जागाही अगदी थोडी. एसएमएस तर नियंत्रणाच्या संदेशांबरोबरच जातो. म्हणून 'कॉल लागतोय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे' या कस्टमर केअरच्या युक्तिवादात दम नाही.

स्पीड टेस्टबद्दलही इथेच बोलून टाकतो. एक आकडा घेऊन काही सिद्ध होत नाही. गर्दीत वारंवार टेस्ट मारत बसणं म्हणजे गर्दीत भर. वेगापेक्षा पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर यायला लागणारा वेळ, बघा, आणि तोही दोनदा: काही चालू नसताना, आणि काही डाउनलोड होत असताना. दुसरा पिंग पहिल्याच्या कित्येक पट वाढत असेल तर तुमचे पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, कुठेतरी रांगेत उभे आहेत.

नवी उपकरणं नेटवर्क नेमकं कशी मोडतात

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, आणि निवारणाच्या दृष्टीनेही तो उपयोगी आहे, कारण आपल्या फोनने काय करू नये हे त्यातून कळतं.

पहिला आयफोन जून २००७ मध्ये आला तेव्हा तो ३जीसुद्धा नव्हता, २जीच्या एज या डेटा-तंत्रावर चालायचा. तरी लोकांनी तो इतका वापरला की अमेरिकेतल्या एटी अँड टी या मोबाइल कंपनीने पुढे सांगितलं, तीन वर्षांत आपल्या नेटवर्कवरची डेटाची वाहतूक सुमारे ५,००० टक्क्यांनी वाढली. मार्च २००९ मध्ये ऑस्टिनमधल्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात आयफोनवाले इतके जमले की कंपनीला घाईघाईने तिथली क्षमता वाढवावी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीच्या मोबाइल विभागाचे प्रमुख राल्फ दे ला वेगा म्हणाले की स्मार्टफोनवाल्यांपैकी ३ टक्के लोक ४० टक्के डेटा वापरतात. जून २०१० मध्ये नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटाचा प्लॅन बंद झाला. ब्रिटनमध्ये ओटू या मोबाइल कंपनीचे प्रमुख रोनन डन यांनी डिसेंबर २००९ मध्येच लंडनच्या ग्राहकांची जाहीर माफी मागितली होती.

या सगळ्यात लोकांना डेटाचे ढीग दिसले. अभियंत्यांना मात्र आणखी एक गोष्ट छळत होती: फोनची बडबड.

फोन टॉवरला सतत जोडलेला नसतो. काम असलं की जोडतो, संपलं की सुटतो, आणि प्रत्येक जोडणी-सोडणीला दोघांत बऱ्याच नियंत्रण-संदेशांची देवाणघेवाण होते. लॅपटॉपला डोंगल लावून सिनेमा उतरवणारा माणूस एकदाच जोडला जातो आणि गप्प ओढत बसतो. स्मार्टफोनवरचं चॅट ॲप मात्र दर थोड्या मिनिटांनी 'मी आहे, तू आहेस ना?' एवढं विचारायला जागं होतं. एक शब्द विचारण्यासाठी दर वेळी नव्याने अख्खा अर्ज भरणाऱ्या माणसासारखं. त्यात सुरुवातीच्या काही स्मार्टफोनांनी बॅटरी वाचवण्यासाठी नेटवर्कला न विचारता जोडणी झटकन तोडायची सवय लावून घेतली. बॅटरी वाचली, पण पुढच्याच क्षणी पुन्हा जोडणी, पुन्हा संदेश. शेवटी ३जीपीपी या मानक ठरवणाऱ्या संस्थेला रिलीज ८ मध्ये (मानकाच्या आठव्या आवृत्तीत) 'फास्ट डॉर्मन्सी'ची रीतसर पद्धत घालून द्यावी लागली, म्हणजे जोडणी कधी आणि किती ढिली करायची यात नेटवर्कचाही शब्द राहावा.

या बडबडीने काय होऊ शकतं याचं ठळक उदाहरण जपानचं आहे. २५ जानेवारी २०१२ रोजी टोकियोत एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीचं नेटवर्क कोलमडलं आणि सुमारे २५ लाख ग्राहकांना फटका बसला. त्याच दिवशी पॅकेट हाताळणारी नवी यंत्रं बसवली होती. नव्या यंत्रांना झेपेल त्यापेक्षा जास्त नियंत्रण-संदेश स्मार्टफोनवरच्या बोलण्याच्या आणि गप्पांच्या ॲपकडून येत होते. हे धरण सिनेमांनी फुटलं नव्हतं. छोट्या छोट्या 'आहेस ना?'ने फुटलं होतं.

४जीत ही रचना सोपी केली गेली, ५जीत 'अर्धवट झोप' म्हणावी अशी तिसरी अवस्था आली, जिच्यातून फोन कमी संदेशांत जागा होतो. त्यामुळे निव्वळ बडबडीने अख्खं शहर आडवं होण्याची शक्यता आता पुष्कळ कमी आहे. मग नवं लोकप्रिय उपकरण आलं की आजची नेटवर्कं ते पेलतील का? माझं मत: एकूण बेरजेत हो, तुमच्या सेक्टरमध्ये रात्री नऊला, सांगता येत नाही. जगभरात मोबाइल डेटाची वाढ अजून होतेय, पण वाढीचा वेग काही वर्षांपूर्वीपेक्षा मंदावला आहे. फोन बदलला म्हणून माणूस दिवसात दुप्पट तास व्हिडिओ बघत नाही. धोका मला दुसरीकडे दिसतो. मधल्या बँडवरच्या ५जीत एकच पट्टा वेळ वाटून डाउनलोड आणि अपलोडला दिला जातो, आणि बहुतेक ठिकाणी वाटणीचा मोठा हिस्सा डाउनलोडला आहे. उद्याचं लोकप्रिय उपकरण जर सतत बघणारा, ऐकणारा आणि वर पाठवणारा चष्मा असेल, तर ही वाटणी नेमकी उलट्या बाजूने तोकडी पडेल.

तुमच्या हातात काय आहे

नव्या फोनचा पहिला आठवडा वेगळा धरा. त्या काळात तो सगळे फोटो वर-खाली करतो, प्रत्येक ॲप अपडेट करतो, कित्येक जीबींचं सिस्टिम अपडेट ओढतो. नव्या आयफोनवर '५जीवर जास्त डेटा वापरू द्या' असा पर्याय असतो. तो चालू असला की सिस्टिम अपडेट आणि बॅकअपही मोबाइल डेटावरून होतात. तो बंद करा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट आणि फोटोंचा बॅकअप 'फक्त वायफायवर' ठेवा. चॅट ॲपमधला आपोआप मीडिया डाउनलोडही. मागे चाललेला हा उपसा बंद केल्यावर कित्येकांची 'नेटवर्कची' तक्रार तिथेच मिटते, कारण त्यांच्या वाट्याला आलेले थोडेसे तुकडे त्यांचाच फोन मागच्या दाराने खात असतो.

मग जागा बदला, आणि विचार करून बदला. खालचे बँड, ७०० ते ९०० मेगाहर्ट्झ, भिंती भेदून आत येतात, पण ते अरुंद असतात आणि घराच्या आत बसलेले सगळे फोन तिथेच गोळा होतात. मधले बँड, उदाहरणार्थ ३.५ गिगाहर्ट्झ, रुंद असतात पण भिंतीला थकतात. खिडकीपाशी गेल्यावर फोन कधी कधी वरच्या बँडवर सरकतो आणि काड्या *कमी* होऊन वेग *वाढतो*. हे बघून लोक चक्रावतात. चक्रावू नका, खुर्ची तिथे हलवा. खिडकी टॉवरच्या बाजूची असेल तर उत्तम. आणि काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक काच असेल तर ती उघडून बघा, असा थर सिग्नल चांगलाच अडवतो.

एअरप्लेन मोड थोडा वेळ चालू करून बंद करणं हे रिस्टार्टइतकंच काम करतं आणि फार लवकर होतं. फोन नव्याने सेल निवडतो, कधी मोकळ्या बँडवर पडतो. थोड्या वेळाने नेटवर्क त्याला पुन्हा दुसरीकडे ढकलू शकतं, म्हणून फरक टिकत नाही. हा इलाज नाही, तात्पुरता श्वास आहे.

५जी बंद करून फक्त ४जीवर राहायचं की उलट, याला एकच उत्तर नाही. ज्या भागात सगळ्यांनी नवे फोन घेतले आणि ५जीचा पट्टा लहान आहे, तिथे ४जी मोकळं सापडतं. बाकी बहुतेक ठिकाणी ५जी रुंद असतं आणि ते बंद करणं म्हणजे स्वतःहून गर्दीत जाणं. दोन्ही करून त्रासाच्या वेळी बघा. सकाळचा निकाल रात्रीला लागू करू नका.

मैदानात, सभेत, मोठ्या जमावात गणित वेगळं. तिथे टॉवर स्वतःच फोनांना थोपवू शकतो. सामान्य फोन चिठ्ठ्या टाकल्यासारखे आळीपाळीने आत घेतले जातात आणि आपत्कालीन सेवांसाठी वाट राखली जाते. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करणाऱ्या फोनची बॅटरीच उतरते. नकाशे, तिकिटं आधी उतरवून ठेवा, निरोप एसएमएसने द्या, फोटो बाहेर आल्यावर पाठवा.

आणि घरात वायफाय असेल तर कॉलही वायफायवर टाका. संध्याकाळी सेल्युलरवर हट्टाने राहण्यात काही शौर्य नाही.

तक्रार अशी करा की ती पुढे सरकेल

'नेट स्लो आहे' या तक्रारीचं उत्तर 'फोन रिस्टार्ट करा' हेच येणार. त्याऐवजी द्या: जागा, त्रासाची वेळ कधीपासून कधीपर्यंत, त्याच जागी दुसऱ्या फोनवरही तेच होतं हे, सकाळच्या आणि रात्रीच्या आरएसआरपी-आरएसआरक्यूचे स्क्रीनशॉट, आणि फील्ड टेस्टच्या पानावरचा सेल आयडी. सेल आयडी दिला की पलीकडच्या अभियंत्याला नेमका सेक्टर काढून त्याचा रात्रीचा भार बघता येतो. त्याच्यासाठी तुमचं रडगाणं एकदम कामाची माहिती होतं. तक्रार क्रमांक मागून घ्या, आणि शेजाऱ्यांनाही त्याच सेल आयडीवर स्वतंत्र तक्रार करायला सांगा. एका सेक्टरवर साचलेल्या तक्रारी दुर्लक्षित करणं अवघड जातं.

उत्तर काय येतं त्यावरून किती थांबायचं ते कळतं. अँटेनाचा कोन बदलणं किंवा दोन बँडांमधली फोनांची वाटणी सुधारणं हे बसल्या जागेवरून किंवा एका भेटीत होतं. टॉवरवर आणखी एक पट्टा चालू करणं, जिथे यंत्र आधीच बसलेलं आहे तिथे फार लांबत नाही. मागचा दुवा फायबरवर नेणं किंवा नवा टॉवर उभारणं यात जागा, परवानग्या, खोदाई येते आणि महिने जातात. 'लवकरच नवीन साइट येत आहे' असं उत्तर आलं, तर मधल्या काळात दुसऱ्या ऑपरेटरचं सिम किंवा ई-सिम त्याच फोनमध्ये फक्त डेटासाठी टाका. मात्र कायमचं घेण्याआधी छोट्या मुदतीचं घेऊन रात्रीच्या वेळी वापरून बघा, आणि दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच खांबावर, एकाच मागच्या दुव्यावर नाहीत ना, हेही विचारून घ्या.